ट्रॉलीचा टायर आणि हवेचा भार

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, तिच्यात संसार आणि लेकरे. पुढे तिच्यातूनच ऊस जातो. तिचा टायर निवडणे हा आम्हांला भौतिकशास्त्राचा उत्तम पाठ वाटतो.

ट्रॉलीचा भार मुख्यतः टायरमधील दाबलेली हवा पेलते. एका चाकावर १५०० किलो भार आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो असेल, तर टायर सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढा, जमिनीला टेकतो. दाब ३ वर आला की ५००! टायर चपटा होतो, प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू जास्त वाकते. वाकलेले रबर सरळ होताना सगळी ऊर्जा परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. रबर उष्णतेचे मंदवाहक, त्यामुळे ती आतच साठते, थर सुटतात आणि टायर फुटतो. जादा ऊस भरला तरी हेच घडते.

म्हणून केवळ नक्षी पाहून टायर घेऊ नये. ती रिमोल्ड टायरवरही नवीच दिसते. बाजूवरचा भारांक वाचावा. १२१ म्हणजे कमाल १४५० किलो, तेही हवा पुरेशी असताना. वरच्या उदाहरणात तो अपुराच पडेल. चार अंकी आकडा वय सांगतो: ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. हंगामानंतर ट्रॉली महिनोन्महिने उन्हात उभी राहते. नक्षी शाबूत राहून रबराला भेगा पडतात.

वर्गात सायकलच्या ओल्या चाकाखाली आलेखकागद ठेवून ठसा घ्यावा, थोडी हवा सोडून पुन्हा घ्यावा, आणि मुलांना चौकोन मोजायला सांगावेत.