न दिसणारा थकवा

एखाद्या गृहस्थाचा एक हात व एक पाय अकस्मात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, म्हणजे ‘त्यांच्या अंगावरून वारे गेले’ असे जुनी माणसे म्हणतात. वस्तुतः हा दोष वाऱ्याचा नव्हे, रक्ताचा. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा अवयव खर्च करतो. त्याला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, तर तेथील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. यालाच पक्षाघात म्हणतात. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रोग्याला रुग्णालयात न्यावे लागते. परंतु या पाठात आपल्याला पाहावयाचे आहे ते रोगी घरी परतल्यानंतरचे.

समजा, असे एक आजोबा घरी आले आहेत. वाचा परत आली, काठी टेकीत चार पावले चालताही येऊ लागली. शेजारी म्हणतात, “चला, बरे झाले एकदाचे!” पण आजोबा स्नान करून आले की धापा टाकीत आडवे होतात. वर्तमानपत्राचा एक रकाना वाचून होतो न होतो, तोच ते मिटून ठेवतात. दुपारी दोन तास झोपूनही त्यांना हुशारी वाटत नाही. लुळा हात सर्वांना दिसतो. हा थकवा मात्र कोणालाच दिसत नाही. मग घरातली मंडळी कुजबुजू लागतात, “आजोबा हल्ली आळशी झाले.” हे बोल त्यांच्या कानी पडतात, आणि दुखण्यापेक्षा त्यांचेच दुःख त्यांना अधिक होते. पक्षाघातातून उठलेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना हा थकवा जाणवतो. तो आळस नव्हे.

तो का येतो, याची थोडी कल्पना तुम्हांला घरच्या घरी येईल. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने शुद्धलेखनाचे एक पान डाव्या हाताने लिहून पाहावे. अर्ध्या पानातच बोटे अवघडतात, कपाळाला आठ्या पडतात, आणि मन कंटाळून जाते. जे काम रोज नकळत होत असे, त्यासाठी आता प्रत्येक अक्षराकडे लक्ष द्यावे लागते. आजोबांचे चालणे, सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडाशी नेणे, सारे असेच झालेले असते. पाय ओढीत चालणाऱ्या रोग्याला तेवढ्याच अंतरासाठी निरोगी माणसाच्या दुप्पटीपर्यंत शक्ती खर्चावी लागते.

मग अशा माणसाने स्वस्थ पडून राहावे, असे कोणालाही वाटेल. येथेच मोठी फसगत होते. विश्रांती हवीच, पण नुसते पडून राहिल्याने स्नायू रोडावतात, हृदय व फुप्फुसे यांची कामाची सवय सुटते. परिणामी काल दहा पावलांनी येणारा थकवा आज सहा पावलांनीच येतो. थकवा म्हणून अंथरूण, आणि अंथरुणामुळे अधिक थकवा, असे हे रहाटगाडगे फिरतच राहते.

ते थांबविण्याचा एक मार्ग म्हणजे बेताने केलेला व्यायाम. तो कसा करावा हे फिजिओथेरपिस्ट शिकवितात. (हे शास्त्र शिकविणारी शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५०नंतरच्या काही वर्षांत सुरू झाली.) प्रथम डॉक्टर रोग्याचे हृदय व रक्तदाब तपासतात. मग आरंभ अगदी लहान असतो: खुर्चीवरून पाच वेळा उठणे-बसणे, ओसरीवर दोन फेऱ्या घालणे, पुढे जागच्या जागी फिरणारी सायकल. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपतच श्रम करावेत. अंगी थोडी ताकद आली की तोच जिना कमी श्रमात चढता येतो, आणि उरलेली शक्ती इतर कामांस पुरते.

यात सर्वांत कठीण काय असेल, तर बरे वाटेल त्या दिवशी स्वतःला आवरणे. एखाद्या सकाळी आजोबांना उत्साह येतो. ते देवळापर्यंत जाऊन येतात, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर काढतात. म्हणून दमण्याच्या आधीच थांबावे, आणि फेऱ्या वाढवावयाच्या त्या आठवड्या-आठवड्याने, थोड्या थोड्या.

व्यायामाने प्रत्येकाचा थकवा पूर्णपणे जातो, असे मात्र नाही. रक्त कमी असणे, झोप न लागणे, मन खचणे, एखादे औषध, अशीही कारणे असतात. ती डॉक्टरांनीच शोधावी लागतात. कित्येकांना हा थकवा वर्षानुवर्षे सोबत करतो.

घरातील मुलांनाही या कामी हातभार लावता येतो. खिडकीत मूठभर चिंचोके ठेवावेत. आजोबांची एक फेरी झाली की एक चिंचोका वाटीत टाकावा. त्या वेळी “अजून एक, आजोबा!” असा आग्रह करू नये. ते थांबले की खुर्ची पुढे करावी. महिन्याने वाटीत दोन चिंचोके जास्त पडले, तरी आजोबांना ते बरोबर कळते.