लाटेवरील फळीचा अलंकार

फुटत्या लाटेच्या उतारावर उभे राहून किनाऱ्यापर्यंत सरकत येण्याचा जो खेळ आज सर्फिंग या नावाने जगभर रूढ झाला आहे, त्याची परंपरा हवाई बेटांत सर्वांत समृद्ध झाली. आणि तेथील कारागिरांनी कोआ, विलिविली अथवा नीरफणस या वृक्षांच्या लाकडातून घडवलेल्या फळ्यांपैकी काही होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये जतन करून ठेवलेल्या आहेत. फळी तासून झाली म्हणजे ती खरखरीत प्रवाळाने घासावयाची, मग मुळ्यांच्या रसाचा व कोळशाचा काळा रंग तिजवर चढवावयाचा, आणि शेवटी कुकुईच्या बियांचे तेल चोळावयाचे, असा तेथील परिपाठ होता. या तेलाने फळीला तकाकी येई आणि लाकडात पाणीही मुरत नसे. शोभा आणि संरक्षण ही दोन कामे एकाच हाताने होत.

ज्यांना जुन्या धाटणीचा सर्फबोर्ड स्वहस्ते घडवावयाचा व सजवावयाचा आहे, त्यांनी हे सूत्र प्रथम ध्यानी घ्यावे असे मला मनापासून वाटते. कारण ‘रेट्रो’ म्हणून जी शैली ओळखली जाते, ती म्हणजे 1950 ते 1970 या दोन दशकांतील कॅलिफोर्नियाची शैली, आणि तिच्यातील बहुतेक अलंकार सुंदर दिसावा म्हणून नव्हे, तर एखादी अडचण निवारण्यासाठी जन्मास आला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडावर फायबरग्लासचे कापड आणि रेझिन यांचे कवच चढवण्याची रीत कॅलिफोर्नियात रुळली. तथापि चांगला बाल्सा पुरेसा मिळण्याची मारामार असे. पुढे 1958 च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमची फळी यशस्वी करून दाखवली, पुढच्याच वर्षी ‘गिजेट’ या चित्रपटाने सर्फिंगचे वेड अमेरिकेच्या घराघरांत नेले, आणि मागणी एकाएकी वाढली. परंतु आरंभीचा फोम निर्दोष नव्हता. त्यात हवेचे पोकळ बुडबुडे राहत व जागोजाग डाग पडत, आणि हे वैगुण्य झाकण्याकरिता रंगद्रव्य कालवलेल्या अपारदर्शक रेझिनचे पट्टे फळीवर ओढण्याची तजवीज करण्यात आली. आज ज्या लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांकडे आपण त्या काळाची खूण म्हणून कौतुकाने पाहतो, त्यांच्या मुळाशी ही गरज होती.

फळीच्या मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत धावणारी लाकडाची रेघ, जिला स्ट्रिंगर म्हणतात, तिचीही हकीकत अशीच आहे. फोम एकटा दुबळा असतो. नऊ-दहा फूट लांबीची फळी लाटेच्या माऱ्याखाली मोडू नये म्हणून ठोकळा उभा चिरून दोन अर्धांच्या मध्ये लाकडाची पट्टी सरसाने बसवतात, आणि एकदा हा कणा आवश्यकच ठरल्यावर कारागिराने तांबूस रेडवुड व फिकट बाल्सा शेजारी शेजारी बसवून त्याचेच आभूषण केले. शेपटीला जोडलेला रंगीबेरंगी लाकडांचा ठोकळाही मुळात खडकावर आपटून टोक फुटू नये यासाठीच होता.

मात्र या कलेचा खरा कस रंगीत कवच चढवताना लागतो. रंध्याने व कानशीने आकार देऊन, बारीक जाळीने घासून गुळगुळीत केलेली फळी पालथी ठेवून तळावर कापड पसरतात, त्याच्या कडा वरच्या अंगावर वळतील इतक्या लांब सोडतात, आणि रंग जेथे संपावयाचा त्या रेषेवर आधीच चिकटपट्टी लावून ठेवतात. मग रंग व हार्डनर मिसळलेले पॉलिएस्टर रेझिन ओतून रबरी पट्टीने ते कापडात सर्वत्र मुरवावे लागते. येथे मुदत फार थोडी. रेझिन काही मिनिटांतच गोठू लागते, आणि एखाद्या जागी ते जास्त साचले तर तेथे गडद डाग कायमचा राहतो. (या कामात निघणारी वाफ श्वासास घातक असल्यामुळे योग्य मुखवटा व मोकळी हवा यांत यत्किंचित कसूर होता कामा नये.) रेझिन गोठले पण दगडासारखे कठीण झाले नाही, अशा नेमक्या क्षणी धारदार पात्याने चिकटपट्टीच्या कडेने कापड कापून जादा भाग सोलून काढावयाचा. ही कापाची कडा कितीही सफाईने उतरली तरी किंचित उघडी पडतेच. म्हणून पुढचा थर चढवून घासल्यानंतर तिच्यावर दोन समांतर पट्ट्यांमध्ये रंग भरून जी बारीक रेघ ओढतात, तीच सुप्रसिद्ध पिनलाइन. सांधा झाकण्यासाठी आलेली ही रेघ फळीचे सर्व वळण एका दृष्टिक्षेपात सांगून जाते. शेवटी तकाकीचा थर, पाण्यासह अतिशय बारीक घासकाम, आणि यंत्राने पॉलिश.

फोमवर फवाऱ्याने चित्र रंगवणे अथवा तयार छापील कापड कवचाखाली घालणे हे मार्ग सोपे आहेत, आणि नवशिक्याने ते पत्करले तर त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु पारदर्शक रंगाच्या रेझिनला जी खोली असते, ज्यातून कापडाची वीण आणि खालचा लाकडी कणा दोन्ही दिसतात, ती पृष्ठावर फासलेल्या रंगाला कधीही येत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-तीन रंगांचे रेझिन एकाच वेळी ओतून रबरी पट्टीने त्यांचे प्रवाह एकमेकांत फिरवण्याची जी रीत आहे, तिच्यात तर दोन फळ्या कधीच सारख्या उतरत नाहीत.

रंगनिवडीत सूर्याचा विचार अवश्य करावा. काळा, गडद निळा वा गडद तांबडा रंग उन्हात तापतो, आतील फोममधील वायू प्रसरण पावतो आणि कवच फोमपासून सुटून फुगवटे येतात. सबब फळीचा मोठा भाग मलईसारखा, फिकट पिवळा किंवा समुद्री हिरवा ठेवून गडद रंग अरुंद पट्ट्यांपुरता राखणे शहाणपणाचे. शिवाय वरच्या अंगावर पाय घसरू नयेत म्हणून मेण घासावे लागते, त्या मेणावर वाळू व मळ चिकटतो, आणि तेथील नाजूक काम लवकरच दिसेनासे होते. याकरिता वर साधे उभे पट्टे आणि पिनलाइन एवढेच ठेवून, रंगांचा सर्व विलास तळाच्या अंगावर करावा.