कुकरची रिंग

मुलाचा दहावा वाढदिवस या वेळी बालगृहात करायचा, असं घरात ठरलं आणि चार किलो श्रीखंड घेऊन आम्ही थाटात तिथे पोचलो. स्वयंपाकघरात आधीच कुणाच्या तरी जिलब्या येऊन पडल्या होत्या. सकाळी केकही कापून झाला होता. मुलांनी आमचं श्रीखंड शहाण्यासारखं चाखलं, टाळ्या वाजवल्या. उरलेलं ठेवायला फ्रिजमध्ये जागा नव्हती.

निघताना स्वयंपाकाच्या मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. मोठ्या कुकरची रिंग मिळेल का कुठे? वाफच धरत नाही. डाळ शिजेस्तोवर पोरांची शाळेची वेळ होते."

मी ओशाळले. श्रीखंडाच्या पैशांत किती रिंगा आल्या असत्या!

बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ सालच्या आदर्श नियमांत एका मुलामागे दिवसाला ६०० ग्रॅम धान्य आणि १२० ग्रॅम डाळ-कडधान्य असं प्रमाण दिलेलं आहे. इथे मुलं ६०. म्हणजे ३६ किलो धान्य, ७ किलो २०० ग्रॅम डाळ. आणि हे रोज, बरं का! तिथे आपल्याला आहेरात आलेला सहा पेल्यांचा लेमन सेट काय कामाचा? मांडणीवर असे तीन सेट खोक्यासकट बसलेले मी पाहिले. शेजारच्या टोपांवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असं ठळक कोरलेलं. नाव घालू नये असं नाही. आमच्या घागरीवरही आजीचं नाव आहेच. पण रिंगेवर, शिट्टीवर, सांडशीवर, शेगडीच्या नळीवर नाव कुठे कोरणार? म्हणून तर या वस्तू कुणाला सुचत नसतील? मलाही सुचल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेत गेले. दुकानदाराने विचारलं, "किती लिटरचा? कुठल्या कंपनीचा?" मी गप्प. घरी येऊन बालगृहात फोन केला, तर मावशींनी जुनी रिंगच वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली. नमुना दाखवल्यावर काम पाच मिनिटांत झालं. दोन रिंगा घेतल्या, एक लावायला आणि एक राखीव. दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि मावशींना विचारून एक मोठी परात.

"आई, वाढदिवसाला आपण रबर दिलं असं शाळेत सांगू?" चिरंजीवांचा चेहरा पडलेला.

मावशींनी तेवढ्यात डाळ चढवली. तो दाराशी उभा राहून इतर मुलांबरोबर शिट्ट्या मोजायला लागला.