मूत्रपिंडातील केशिकागुच्छांचे विकार

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लक्ष केशिकागुच्छ असतात. दिवसाकाठी ते सर्व मिळून रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांपैकी दीड लिटरच्या आसपास मूत्ररूपाने बाहेर पडतो. रक्तपेशी व प्रथिने मागे राखणे हे या गाळणीचे मुख्य कार्य होय. ती बिघडली की राहावयाचे ते निसटते आणि जावयाचे ते साचते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेली कुटुंबे खोपींत दाटीने राहतात. अशा दाटीत खरूज सहज पसरते, व खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकॉकस जंतू शिरतात. पुढे तीन ते सहा आठवड्यांनी, जखम भरूनही गेलेली असताना, एखाद्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसतो, लघवी चहाच्या रंगाची होते व रक्तदाब वाढतो. येथे जंतू मूत्रपिंडावर प्रत्यक्ष हल्ला करीत नाहीत; त्यांचे अंश व शरीराने निर्मिलेली प्रतिपिंडे यांची संयुगे गुच्छांत अडकून दाह उत्पन्न करतात. बहुतेक मुले पूर्ववत् बरी होतात.

मधुमेहजन्य विकृती मात्र वर्षानुवर्षे वेदनेवाचून वाढते. प्रथम मूत्रात अल्ब्युमिन अल्प प्रमाणात पाझरते. सूज व थकवा पुष्कळ उशिरा येतात. सुमारे निम्मी कार्यशक्ती नष्ट होईपर्यंत रक्तातील क्रिएटिनीनही बहुधा वाढलेले आढळत नाही. म्हणून मधुमेही रुग्णाने कराड वा मिरज येथील मोठे रुग्णालय गाठण्याची वेळ येण्यापूर्वीच गावच्या आरोग्य केंद्रात त्याची मूत्रपरीक्षा नियमाने होणे अगत्याचे आहे.