इंगित आणि संकेत : बिळात राहणाऱ्या एका माशाच्या निमित्ताने

हवाई बेटांच्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यातील गाळमिश्रित वाळूत ‘सिलोगोबिअस मेनलँडाय’ नावाचा लहानसा गोबी मासा राहतो. त्याचे शास्त्रीय वर्णन १९७२ साली झाले. आपल्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही त्याची दूरची नातलग होय. हा मासा बिळात राहतो खरा, परंतु बीळ स्वतः खणीत नाही. ते खणते ‘अल्फिअस रॅपॅक्स’ ही कोळंबी. तिची दृष्टी अधू असल्यामुळे, वाळू बाहेर लोटण्यासाठी ती तोंडाशी येते तेव्हा आपली एक शृंगिका दाराशी बसलेल्या माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. भक्षक जवळ येताना दिसला की मासा शेपटी झटकतो, आणि कोळंबी तत्काळ आत सरते. संकट अगदी अंगावर आले, तर मासाही डोके खाली करून बिळात शिरतो.

तांबड्या समुद्रातील अशाच एका जोडीचे वर्णन लूथर यांनी १९५८ साली केले, तर हवाईतील जोडीच्या संदेशवहनाचा अभ्यास प्रेस्टन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने या उदाहरणाकडे लक्ष द्यावे याचे कारण असे की, शेपटीच्या त्या झटक्याला सर्रास ‘माशाची भाषा’ म्हटले जाते. उत्तरपत्रिकांतूनही हा शब्दप्रयोग प्रस्तुत लेखकाला वारंवार भेटतो.

आपल्या परंपरेत यासाठी दोन निराळे शब्द उपलब्ध आहेत. मनातील भाव शरीराच्या हालचालीतून नकळत उमटतो ते इंगित. आणि अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा असे जे ठरलेले असते, तो नैयायिकांचा संकेत. मग हा झटका कोणत्या कोटीत घालावा? ते पळण्यापूर्वीचे अंग चोरणे आहे असे म्हणावे, तर मासा पुष्कळदा पळत नाही. तो जागीच राहून शेपटी झटकतो, आणि त्याचा उपयोग होतो तो मुख्यतः दुसऱ्याला. तेव्हा निव्वळ इंगित म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. उलट त्याला संकेत म्हणावे, तर हे ठरविले कोणी? भिन्न जातीच्या या दोन जीवांमधील ही व्यवस्था उत्क्रांतीने घडविलेली आहे. ती कोणा समाजाने रूढ केलेली नाही, आणि म्हणून बदलताही येत नाही.

हॉकेट यांनी १९६० साली मांडलेल्या लक्षणांपैकी दोन येथे विशेष उपयोगी पडतात. पहिले विस्थापन : मधमाशी दूरच्या फुलांविषयी सांगू शकते, परंतु काल येऊन गेलेल्या भक्षकाविषयी हा मासा काहीही सांगू शकत नाही. दुसरे भूमिकांची अदलाबदल : माणूस ऐकलेले वाक्य स्वतः उच्चारू शकतो, कोळंबी मात्र तोच झटका माशाला परत देत नाही. तिची शृंगिका इतकेच कळविते, की ती बाहेर आहे.

या व्यवहाराला ‘संदेशन’ म्हणण्यास हरकत नसावी. ‘भाषा’ हा शब्द मात्र येथे वापरू नये असे माझे मत आहे. कारण तो येथे वापरला, तर निवटीला हाका मारणाऱ्या कोळ्याच्या पोराच्या बोलण्याला आपण दुसरा कोणता शब्द देणार?