हायपर-व्ही जिवंत आहे. गेले ते फुकट पॅकेज

गैरसमज : मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही बंद केले.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये हे विधान इतक्या खात्रीने केले जाते की त्याचा पुरावा मागायचे कोणाला सुचतच नाही. याच विधानावर विसंबून चालत्या यंत्रणा घाईघाईने दुसरीकडे हलवायचे बेत आखले जातात. प्रत्यक्षात बंद झाले ते ‘हायपर-व्ही सर्व्हर’ नावाचे एक फुकट उत्पादन. २००८ मध्ये ते पहिल्यांदा आले आणि २०१९ ची आवृत्ती त्याची शेवटची ठरली. विंडोज सर्व्हर २०२२ बरोबर त्याची नवी आवृत्ती आली नाही. या उत्पादनात विंडोज सर्व्हरचा नेहमीचा डेस्कटॉप नव्हता आणि फाइल सर्व्हर किंवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीसारखी कामेही नव्हती. होता तो फक्त हायपरव्हायजर, म्हणजे एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, आणि तो सांभाळायला लागणारी साधने. तोच हायपरव्हायजर विंडोज सर्व्हरमध्ये ‘रोल’ म्हणून पूर्वीही होता, आजही आहे. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीतही तो मिळतो. दुकानाने चहाची फुकट पुडी द्यायची थांबवली, म्हणून चहाचे मळे ओस पडले असे कोणी म्हणत नाही. इथे मात्र नेमके तेच म्हटले जाते.

यावर ठरलेला आक्षेप येतो : कंपनीला सगळ्यांना क्लाउडवर न्यायचे आहे, त्यामुळे आज फुकट आवृत्ती गेली, उद्या मूळ तंत्रज्ञान जाईल. यातला पहिला भाग खोटा नाही. मायक्रोसॉफ्टने पर्याय म्हणून अ‍ॅझ्युअर स्टॅक एचसीआय पुढे केले. आता त्याचे नाव अ‍ॅझ्युअर लोकल आहे आणि त्याचे पैसे प्रोसेसरच्या कोअरमागे दरमहा मोजावे लागतात. ओढा कुठे आहे हे यातून दिसतेच. पण दुसरा भाग त्यातून निघत नाही. खुद्द अ‍ॅझ्युअर क्लाउड हायपर-व्हीच्याच तंत्रज्ञानावर चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये एका व्हर्च्युअल मशीनला २०४८ व्हर्च्युअल प्रोसेसर आणि २४० टेराबाइटपर्यंत मेमरी देता येते. मोडीत काढायच्या वस्तूवर कोणी एवढी मेहनत घेत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो जास्त वजनदार आहे : फुकट मिळणारी गोष्ट आता विकत घ्यावी लागणार. पण हिशेब नीट मांडला तर निम्मा आक्षेप विरघळतो. फुकट हायपर-व्ही सर्व्हरवर विंडोजची व्हर्च्युअल मशीन चालवायची, तर त्यांचे लायसन्स आधीही वेगळे घ्यावेच लागत होते. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या अटींनुसार सर्व्हरचे सगळे कोअर परवान्याखाली आणले (किमान १६ कोअरचे पैसे भरावेच लागतात) की त्यावर विंडोजची दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. शिवाय त्याच यंत्रावर यजमान म्हणून विंडोज सर्व्हर बसवता येते. त्याने फक्त व्हर्च्युअल मशीन सांभाळावीत एवढीच अट. म्हणजे ज्यांनी आपल्या विंडोज मशीनसाठी अशी लायसन्स घेतली होती, त्यांच्याकडे यजमानाचा हक्क आधीपासूनच होता. खरा तोटा झाला तो सगळी मशीन लिनक्सची असणाऱ्यांचा. विंडोजचे एकही लायसन्स न घेता त्यांचे काम भागत होते. त्यांची तक्रार रास्त आहे, मात्र ती किमतीची तक्रार आहे. तंत्रज्ञान मेल्याचा तो पुरावा नव्हे.

तारखांचा घोळ वेगळाच. हायपर-व्ही सर्व्हर २०१९ ची मुख्य सपोर्टची मुदत ९ जानेवारी २०२४ ला संपली, आणि ‘सपोर्ट संपला’ एवढेच सगळीकडे पसरले. मायक्रोसॉफ्टच्याच वेळापत्रकात त्यापुढे विस्तारित सपोर्टची तारीख आहे : ९ जानेवारी २०२९. तोवर नव्या सोयी येणार नाहीत, पण सुरक्षेचे अपडेट येत राहतील. त्यानंतर सर्व्हर आपोआप थांबणार नाही, म्हणून निवांत राहणे ही उलट्या बाजूची चूक ठरेल. हायपरव्हायजरमध्ये भोक राहिले, तर त्यावरची सगळीच मशीन एकदम धोक्यात येतात.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात. ‘हायपर-व्ही सर्व्हर १८० दिवसांनी बंद पडते’ : नाही; ती मुदत विंडोज सर्व्हरच्या चाचणी आवृत्तीला आहे, हे उत्पादन मुदतीशिवाय होते. ‘फुकट म्हणून त्यात सोयी कमी होत्या’ : चालते मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबवता हलवणे आणि क्लस्टर करणे, दोन्ही त्यात होते. ‘व्हीएमवेअरचे फुकट ईएसएक्सआय कायमचे गेले’ : व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेतले, पण एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई पासून पुन्हा दिले. ‘फुकट म्हणजे मुक्तस्रोत’ : मुळीच नाही, आणि हा फरक सर्वांत महागात पडतो. केव्हीएम हा मुक्तस्रोत हायपरव्हायजर २००७ पासून लिनक्स कर्नलचा भाग आहे आणि प्रॉक्समॉक्स त्याच्यावरच चालते. त्यांचा कोड खुला असल्याने एखाद्या कंपनीने हात काढला तरी इतरांना तो पुढे नेता येतो. सिट्रिक्सने झेनसर्व्हरच्या फुकट आवृत्तीतल्या सोयी काढल्यावर त्याच्या खुल्या कोडमधून एक्ससीपी-एनजी उभे राहिले. हायपर-व्ही सर्व्हरच्या बाबतीत तशी वाट कोणालाच नव्हती. म्हणून पुढचे उत्पादन निवडताना आज किंमत किती हे विचाराच, पण ते देणाऱ्याने मन बदलले तर आपल्या हातात काय उरते, हे आधी विचारा.