चेन कापण्यापूर्वी मोजा

आपल्या वस्त्यांतून आता दोन-तीन घरांमागे एक मोटारसायकल दिसते. ती हौसेची कमी, पोटापाण्याची जास्त. आमचे धाकटे बंधू मागच्या सीटवर तयार कपड्यांचे गाठोडे बांधून आठवडी बाजार करतात. 2023 साली 20 मार्चला ते भावजयींना घेऊन महाडला गेले होते. 1927 च्या त्या दिवसाची आठवण म्हणून चवदार तळ्याला अभिवादन करायचे, हा त्यांचा नेम. परतताना माणगावकडून ताम्हिणी घाट चढत असता खाडकन आवाज झाला आणि चेन तुटून रस्त्यावर पडली. चाकात अडकली नाही, म्हणून दोघे धडधाकट घरी आले.

शेजारच्यांनी हँडलला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तो कोण ऐकणार? आम्ही कारण शोधायला बसलो.

ओझ्यामुळे चढावर गाडी ओढत नाही, म्हणून आठवड्यापूर्वीच बंधूंनी मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरते ते दातेरी चक्र, 42 ऐवजी 45 दात्यांचे बसवले होते. चेन जुनीच. ती पुरेना, तेव्हा चाक खाचेत अगदी पुढे ढकलून कशीबशी लॉक केली. "चालतंय की," मिस्त्री म्हणाले. आम्ही तिथेच उभे होतो आणि मान डोलावली. कोणी जाणता सांगतो एवढ्यावर मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. विहारात हे आम्ही कितीदा ऐकले, गॅरेजात नेमके विसरलो.

हिशेब अखेर दहावीतल्या पुतणीने केला. चेनची लांबी कड्यांत मोजतात. या गाडीच्या 428 नंबरच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. आतली व बाहेरची कडी एकाआड एक येते, म्हणून कड्यांची संख्या सम हवी.

रीत अशी. पुढच्या व मागच्या चक्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजून 12.7 ने भागावे. या उत्तराची दुप्पट करावी. तीत दोन्ही चक्रांच्या दात्यांच्या बेरजेचे निम्मे मिळवावे. मग दात्यांतील फरकाला 6.28 ने भागून वर्ग करावा, त्याला पहिल्या उत्तराने भागावे आणि तेही मिळवावे. आईच्या शिवणाच्या टेपने पुतणीने आधीच्या जागी 505 मिलिमीटर मोजले, म्हणजे पावणेचाळीस कड्या. पुढे 14, मागे 42 दाते असताना 79.5, 28 आणि 0.5 मिळून 108 कड्या. जुनी चेन बरोबर तेवढीच होती. मागे 45 केल्यावर 79.5, 29.5 आणि 0.6 मिळून 109.6, म्हणजे 110 कड्या हव्यात आणि चाक अडीच मिलिमीटर मागे. 108 वरच भागवायचे तर चाक दहा मिलिमीटर पुढे न्यावे लागते. खाचेत तेवढी जागाच नव्हती. जुनी चेन वापराने लांबली होती, म्हणून जोडली तरी गेली. पण ढील उरली नाही.

आणि दोघे बसल्यावर काय होते? स्प्रिंगा दबतात. पुढचे चक्र, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणते. रिकाम्या गाडीवर ठीक वाटणारी चेन डबल सीट घाटात तुटली, ती यामुळेच. ढील तपासायची ती गाडीवर माणूस बसवून, चाक फिरवत, चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे. किती हवी ते गाडीच्या पुस्तकात असते. बहुधा 20 ते 30 मिलिमीटर.

पुतणीने आणखी एक गोष्ट काढली, ती आम्हाला फारच आवडली. 45 ला 14 ने भागले तर 3.21. मागचे 42 तसेच ठेवून पुढचे 13 केले, तर 3.23. ओढ जवळजवळ तीच! चेन 108 चीच चालते आणि चाक फक्त तीन मिलिमीटर मागे घ्यावे लागते. खर्च थोडा. मात्र लहान चक्रावर चेन जास्त वाकते, त्यामुळे झीज लवकर. दोन्ही प्रकारांत वरचा वेग सुमारे सात टक्क्यांनी उतरतो, हेही धरून चालावे.

बंधूंनी 14-45 चाच पूर्ण सेट घेतला, कारण जुन्या चेनच्या 20 कड्या 254 ऐवजी 260 मिलिमीटर भरल्या. 259 च्या पुढे गेलेली चेन नव्या चक्रावर घालणे म्हणजे नव्या चक्राचेही दाते खाऊन टाकणे. बसवताना चाक खाचेच्या पुढच्या बाजूस ठेवले, चेन गुंडाळून खडूने खूण केली आणि मगच कापली. लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आहे ना, हे भावजयींनी स्वतः वाकून पाहिले.

दोन बाजार झाल्यावर ढील पुन्हा तपासली. नवी चेन थोडी बसली होती. चाक एक खूण मागे घ्यावे लागले.